लाईट आली, उठता का?

मोबाईलच्या चार्जरवर टाचणीच्या डोक्याएवढा जो हिरवा दिवा असतो, तो बटण दाबल्याबरोबर पेटत नाही. आधी अगदी थोडा वेळ काहीच होत नाही आणि मग तो एकदम उजळतो. बटण बंद केल्यावरही तो लगेच विझत नाही. आत साठलेली वीज संपेपर्यंत जळत राहतो आणि हळूहळू मंदावतो. बोरदऱ्याच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या गौहर मॅडमनी हे पुष्कळदा पाहिलं होतं, आणि त्यामागचं कारण त्या नववीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून सांगू शकत होत्या. जे त्या कुणालाच सांगत नसत ते असं, की त्यांना या दिव्याबद्दल आपुलकी वाटायची. आतून सगळी तयारी असूनही पेटायला उशीर लावणारी वस्तू त्यांनी दुसरी एकच पाहिली होती, आणि ती रोज सकाळी शिक्षकांच्या हजेरीपटावर गौहर शेख या नावाने सही करत होती.

उशीर होत होता तो मुख्याध्यापक व्हायला. जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा सेवाज्येष्ठतेनुसार खुर्ची गौहर मॅडमकडे आली. संस्थेने विचारलं, घेता की नाही? दोन्ही उत्तरं एकेका शब्दाची होती. मॅडम म्हणाल्या, “विचार करून सांगते.” त्या विचाराने आतापर्यंत दोन उन्हाळी सुट्ट्या पाहिल्या होत्या.

तोवर कारभार प्रभारी म्हणून आसाराम सरांकडे होता. आसाराम सर मराठी आणि शारीरिक शिक्षण शिकवत. मैदानावर त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की रस्त्यापलीकडे एसटीची वाट पाहणारा माणूसही टाचा जुळवायचा. असा माणूस खुर्चीसाठी टपलेला असणार, असं कुणालाही वाटेल. पण सर त्या खुर्चीला कंटाळून गेले होते. शाळेची सगळी माहिती ऑनलाईन भरावी लागते, आणि ती भरताना येणारा ओटीपी अजून निवृत्त मुख्याध्यापकांच्याच मोबाईलवर जायचा. नंबर बदलायला अर्ज करायचा, तर त्या अर्जालाही ओटीपी लागायचा आणि तोही तिकडेच जायचा. निवृत्त मुख्याध्यापक आता पुण्याला मुलाकडे राहत आणि दुपारी जेवून झोपत.

“मॅडम, हो म्हणा,” आसाराम सर दर आठवड्याला म्हणायचे. “हो जमत नसेल तर नाही म्हणा. पण तोंडातून काहीतरी काढा. रोज एका म्हाताऱ्या माणसाची झोप मोडायची मला लाज वाटते.”

“विचार चालू आहे, सर.”

“अहो, धरण बांधायचा विचारसुद्धा एवढा चालत नाही.”

मॅडमची अडचण आवाजाची होती. त्यांच्या मते मुख्याध्यापक म्हणजे आवाज. प्रार्थनेला आवाज, पालकसभेला आवाज, झेंडावंदनाला तर माईकसुद्धा. आणि त्यांचा आवाज असा, की एसटी थांबवायची असली तर कंडक्टरला हाक मारण्यापेक्षा पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत येणं त्यांना सोपं वाटायचं. ही अतिशयोक्ती नाही. बोरदऱ्याच्या पुढचा थांबा त्यांना चांगलाच माहीत होता.

याच सुमारास शाळेत ‘उद्योजकता व तंत्रकौशल्य’ नावाचा उपक्रम आला. मोडकी बाकं ठेवायची खोली रिकामी करून तिला रंग दिला, दारावर ‘कार्यशाळा’ अशी पाटी लागली आणि पुण्याहून सुट्या भागांनी भरलेली खोकी आली. खोक्यांबरोबर हर्षल नावाचा प्रशिक्षक आला. मुलगा गुणी होता, फक्त बोरदऱ्यातल्या मातीपासून पांढरे बूट वाचवण्यात त्याचं अर्धं लक्ष जायचं.

“समजा,” हर्षल नववीला म्हणाला, “तुम्ही लिफ्टमध्ये आहात आणि शेजारी एक मोठा माणूस उभा आहे. तो उतरायच्या आत तुमची कल्पना त्याच्या गळी उतरली पाहिजे.”

वर्गाने हे मनापासून ऐकलं. पण बोरदऱ्यात लिफ्ट म्हणजे मोटारसायकल थांबवून मागे बसणं. उभा माणूस कुठून आला ते कुणाला कळलं नाही, तरी मुद्दा सगळ्यांना पटला. पंकजा म्हणाली, “म्हंजी फाटा यायच्या आत बोलून संपवायचं.” हर्षलला फाटा म्हणजे काय ते कळलं नाही, पण त्यानेही मान हलवली. दोन दिवसांनी तो पुण्याला परत गेला आणि उपक्रमाची जबाबदारी गौहर मॅडमवर आली. ती त्यांनी विचार करून सांगते असं न म्हणता घेतली, हे आसाराम सरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

काय बनवायचं, यावर पहिल्या दिवशी पोरांनी रोबोपासून विमानापर्यंत सगळं सुचवलं. मग मागच्या बाकावरून पंकजाने विचारलं, “मॅडम, लाईट कवा येनार ते सांगनारं काई करता येतं का?”

“कधी येणार ते नाही सांगता येणार,” मॅडम म्हणाल्या. “आली, एवढं सांगता येईल.”

“तेवढं बास हाय.”

खरंच बास होतं. शेतीची मोटार चालायला तिन्ही फेजची लाईट लागते, आणि ती दिवसाकाठी काही तासच असते. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, आणि मधे जाऊन येऊन. त्यामुळे कांद्याला पाणी द्यायचं तर माणूस स्टार्टरच्या पेटीजवळ ठाण मांडून बसतो, नाहीतर घरी डोळा लागतो आणि लाईट येऊन निघून जाते. त्यावर नववीने यंत्र बनवायचं ठरवलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘जागल्या’. रात्रभर जागून रानाची राखण करणाऱ्या माणसाला गावात हाच शब्द आहे, त्यामुळे नावावर मतदान घ्यावं लागलं नाही.

मॅडमनी एकच अट घातली. कुणाही मुलाने उघड्या वायरला हात लावायचा नाही. विजेशी संबंध आणायचा तो साध्या मोबाईलच्या चार्जरमधून. चार्जर जागा झाला की त्याला जोडलेला चिमुकला रेकॉर्डर वाजणार आणि भोंगा ओरडणार. अट शहाणपणाची होती. पुढे तिनेच घोटाळा केला, पण तो पुढे.

भोंगा नववीतल्याच अलिझाने आणला. तिचे वडील नूरमहंमद टेम्पोतून भंगार गोळा करत, आणि त्यांच्याकडे जुन्या भोंग्यांचा तुटवडा नव्हता. आवाज कुणाचा घ्यायचा, हा तर प्रश्नच नव्हता. आसाराम सर इस्त्रीचा सदरा घालून कार्यशाळेत आले, त्यांनी घसा साफ केला आणि तोंड उघडलं. रेकॉर्डरमध्ये जेमतेम दोन छोटी वाक्यं मावत होती. सरांचं बोलणं परत लावलं तेव्हा भोंग्यातून खणखणीत आवाज आला, “बोरदरे पंचक्रोशीतील आदरणीय, कष्टाळू आणि स्वाभिमानी शेतकरी बंधू आणि,” आणि पुढे शांतता.

“भगिनी राहिल्या,” अलिझा म्हणाली.

“लाईटबी राहिली,” पंकजा म्हणाली.

सरांनी तीनदा प्रयत्न केला. सगळ्यात छोट्या भाषणातही ते ‘आदरणीय’च्या अलीकडे थांबू शकले नाहीत. शेवटी शाळा सुटायची घंटा झाली आणि पुढचं उद्या, असं ठरलं. सगळे गेल्यावर गौहर मॅडमनी जुनं रेकॉर्डिंग पुसलं आणि नवा आवाज नीट भरला जातोय का हे तपासायला त्या यंत्राजवळ वाकून, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “लाईट आली. उठता का?” मग झाकण लावून त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी आठवडाभराचं प्रशिक्षण होतं. त्या परत येईपर्यंत नववीने आपला उद्योग सुरू केला होता. पंकजाने मोटारसायकलवरून चाललेल्या आपल्या नात्यातल्या बिभीषणमामाला हात केला, मागे बसली, आणि फाटा यायच्या आत त्याला पहिला जागल्या विकला. एका रेकॉर्डरवरून दुसऱ्यावर आवाज उतरवणं पोरांना यायचंच. गौहर मॅडम एसटीतून उतरल्या, तेव्हा पाच-सहा शेतांवर भोंगे लागले होते.

त्यांना हे कळलं ते वेगळ्याच तऱ्हेने. दुपारी त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. एकाएकी ओढ्यापलीकडून एक बाई शांतपणे, पण साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “लाईट आली. उठता का?” मग डाळिंबाच्या बागेतून तीच बाई तेच म्हणाली. मग गावठाणामागून. मॅडमच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी नीट ओळखता येत नाही, हे त्यांना शास्त्रीयदृष्ट्या माहीत होतं. पण घरमालकीण लंकाबाई ओट्यावरून त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या, तेव्हा संशयाला जागा उरली नाही.

“बाई गं,” लंकाबाई म्हणाल्या, “मला वाटलं हुतं तुला आवाजच न्हाई.”

मॅडमनी त्याच संध्याकाळी मुलांना बोलावून घेतलं आणि आवाज बदला म्हणून सांगितलं. अलिझा तोवर तक्रार विभागाची प्रमुख झाली होती. ती नम्रपणे म्हणाली, “मॅडम, गिऱ्हाइकाची मागनी असल्याबिगर माल बदलायचा न्हाई, असं हर्षल सरांनी सांगितलंय. तुमच्या आवाजाबद्दल एकबी तक्रार न्हाई.”

“माझी आहे.”

“तुमी गिऱ्हाईक न्हाई, मॅडम.”



त्यानंतरचे दिवस गौहर मॅडमनी मान खाली घालून काढले. बाजारात मेथीची जुडी घ्यायला वाकल्या की मागून कुणीतरी हलकेच “उठता का?” म्हणायचं. रातपाळीचा आठवडा आला, तेव्हा त्या उशीत तोंड खुपसून झोपू लागल्या. सल्ल्यांना तर सुमार राहिला नाही. लंकाबाईंनी ज्येष्ठमधाची काडी आणून दिली आणि आता घसा जपायला पाहिजे म्हणून बजावलं, जणू त्या रोज स्वतः शेताशेतावर जाऊन ओरडत होत्या. किराणा दुकानदाराने ‘लाईट आली’ आणि ‘उठता का’ यांच्या मधल्या जागेत त्याच्या दुकानाची जाहिरात घालायची तयारी दाखवली. आसाराम सरांच्या मनाला लागलं होतं, तरी मन मोठं करून ते म्हणाले, “मॅडम, उच्चार चांगला आहे, पण पल्ला कमी पडतो. मैदानाच्या त्या टोकाला उभं राहून रोज ‘आ’ म्हणत जा.” मॅडम एकदा गेल्यासुद्धा. त्यांचा ‘आ’ सरांपर्यंत पोचला नाही. मध्ये चरणाऱ्या शेळीने मात्र मान वर करून पाहिलं.

रविवारी नगरहून अम्मीचा फोन आला. अम्मी गौहर मॅडमच्या भावाकडे, रिझवानकडे राहायची.

“गौहर, रिझवानच्या मोबाईलवर तुझा आवाज आलाय. कांद्याच्या शेतातून.”

“अम्मी, ते रेकॉर्डिंग आहे.”

“ते कळतं मला. जन्मभर सांगत आले, जरा मोठ्याने बोलत जा. म्हणून एकदम भोंग्यातून? आणि उठता का, हे कुणाला म्हणतेस?”

“शेतकऱ्यांना.”

“सगळ्यांना?”

“ज्यांनी जागल्या घेतलाय त्यांना.”

अम्मीने विचारलं, “लोक उठतात का पण?”

“उठतात म्हणे.”

“नवल आहे. तुझ्या अब्बांना मी असं कधी विचारलं नाही. सरळ पांघरूण ओढायची.”

खरं नवल तेच होतं. लोक उठत होते. बिभीषण फाट्यावर सगळ्यांसमोर सांगायचा, “कारभारनीनं हाक मारली तर मी कूस बदलतो. पन मॅडम ‘उठता का’ म्हनल्या की कसं न्हाई म्हनावं? मानूस इचारतंय इतकं चांगलं.” बोरदऱ्यातला कांदा त्या हिवाळ्यात वेळेवर पाणी पीत होता. हळूहळू मॅडमच्या टेबलावर वस्तू जमू लागल्या. आज शेवग्याच्या शेंगा, उद्या हुरडा, कधी ओल्या हरभऱ्याचा डहाळा, आणि कुणी ठेवलं हे सांगायला कुणी थांबायचं नाही. गौहर मॅडमना त्या शेंगांकडे बघून विचित्र वाटायचं. बावीस वर्षं ज्या गावात त्या पावलांचा आवाज न करता राहिल्या, ते गाव त्यांचं ऐकत होतं, आणि वर त्यांचेच आभार मानत होतं. आभार खरं तर उलटे असायला हवे होते, असं त्यांना वाटे. पण असे आभार कुठल्या तोंडाने आणि कुठे जाऊन मानायचे, हे न कळून त्या शेंगा नीट धुऊन आमटीत घालायच्या.

आभारामागोमाग अधिकारही आला, आणि तो न मागता आला. लोक समजू लागले की लाईट मॅडमच सोडतात. एक म्हातारे शाळेच्या व्हरांड्यात येऊन म्हणाले, “मॅडम, काल लई उशीर केला. आज जरा लवकर बघा.” विजेच्या वेळापत्रकाशी आपला काही संबंध नाही, हे मॅडमनी त्यांना आकृती काढून समजावलं. म्हाताऱ्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाले, “व्हय, पन बघा जरा.”

इतकं झाल्यावर संस्थेच्या कानावर जाणारच. संस्थेचे सचिव आबासाहेब एके दिवशी गाडी घेऊन आले. पोटभर कौतुक करून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“गौहर मॅडम, तुमचं उत्तर अजून आलं नाही. संक्रांतीपर्यंत हो किंवा नाही कळलं नाही, तर दुसऱ्या शाखेतून माणूस पाठवणार. ते सर कडक आहेत. शिस्तीचे आहेत. परवा इथं येऊन गेले ते.”

ते येऊन गेले हे मॅडमना माहीत होतं. त्या सरांनी कार्यशाळेच्या खोलीत उभं राहून टेपने भिंती मोजल्या होत्या आणि शिपायाला विचारलं होतं की मुख्याध्यापकांची केबिन इथं हलवली तर पंखा कुठे येईल. खोकी परत पुण्याला पाठवा, असंही जाता जाता म्हणाले होते. पंकजाने ते ऐकलं होतं. तेव्हापासून नववी रोज मधल्या सुट्टीत आपलं सामान मोजून बघायची, जणू ते आपोआप कमी होणार होतं.

“मॅडम, आपली खोली ऱ्हाईल ना?” पंकजाने विचारलं होतं.

“बघते,” मॅडम म्हणाल्या होत्या, आणि त्या शब्दाची त्यांना स्वतःलाच लाज वाटली होती.

आबासाहेबांनाही त्या हेच म्हणाल्या. “विचार करून सांगते.” आसाराम सरांनी शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून घेतले.

आणि मग, संक्रांत तोंडावर आलेली असताना, जागल्या खोटं बोलला.

झालं असं, की कुठेतरी तार तुटली आणि वीज कंपनीने ती जोडेपर्यंत शिवारात दोनच फेजची लाईट सोडली. दोन फेजवर घरातले दिवे लागतात. चार्जरही जागा होतो. मोटार मात्र चालत नाही, नुसती गुरगुरते आणि बंद केली नाही तर जळते. बिचाऱ्या चार्जरला हे कुठून कळणार? त्याच्यापुरती लाईट आली होती. त्यामुळे भर दुपारी साऱ्या शिवारातून गौहर मॅडम अगदी सभ्यपणे खोटं बोलल्या. माणसं जेवणावरून उठली, रानात गेली, लाईट गेली, माणसं परत आली, मॅडम पुन्हा म्हणाल्या, उठता का, माणसं पुन्हा उठली. असं दिवसभर चाललं. बिभीषणाच्या मोटारीने गुरगुरून जीव सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना संपायच्या आत गाव शाळेच्या मैदानात उभं होतं. पुढे बिभीषण, मागे जागल्यावाले, त्यांच्या मागे ज्यांचा काही संबंध नव्हता ते सगळे, आणि सगळ्यांत मागे, गुडघे दुखत असल्यामुळे फाटकाच्या दगडावर बसलेल्या लंकाबाई. एवढी गर्दी बघून आसाराम सरांनी आबासाहेबांना फोन लावला. आबासाहेब जवळच होते. ते तासाभरात आले आणि येताना दुसऱ्या शाखेच्या सरांचा नेमणुकीचा आदेशही घेऊन आले, म्हणजे एका फेरीत दोन्ही कामं होतील.

“शाळेतर्फे याला जबाबदार कोण?” आबासाहेबांनी विचारलं.

“मी प्रभारी आहे, साहेब,” आसाराम सर आयुष्यात प्रथमच हळू बोलले. “खरं म्हणजे मी फक्त ओटीपी मागतो.”

“जागल्या मी इकला,” पंकजा रांगेतून पुढे येऊन म्हणाली.

“तक्रार विभाग माज्याकडं हाय,” अलिझा तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. “तक्रार मला सांगा.”

दोन्ही मुलींनी एकमेकींचा हात घट्ट धरला होता. गौहर मॅडमना ते व्हरांड्यातून स्पष्ट दिसत होतं. त्या पायऱ्या उतरून खाली आल्या.

“मुलींचं काही चुकलं नाही,” त्या म्हणाल्या. “चार्जरच वापरायचा, असा नियम मी केला होता. मुलांना धक्का बसू नये म्हणून. त्याला दोन फेज आणि तीन फेज यातला फरक कळणार नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ते आलं नाही.”

ऐकण्यासाठी सगळे दोन पावलं पुढे सरकले होते.

बिभीषणाने डोक्यावरची टोपी सारखी केली. “मॅडम, चूक कुनाची, ते इचारायला आमी आलोच न्हाई. मोटार जळती. दर साली एकदा जळतीच, तवा काय जागल्या हुता का? आमी इचारायला आलोय की ह्यो दुरुस्त कवा व्हनार. काल रातच्याला म्या भोंगा काढून ठिवला, तर झोप न्हाई लागली. सारखं वाटतंय, लाईट आली आसंल आन मॅडम गप हायेत.”

मागून कुणीतरी म्हणालं, “आवाज तेवडा बदलू नका.”

“आसाराम सरांचा तर न्हाईच,” आणखी कुणीतरी म्हणालं, आणि गर्दी हसली. सरही हसले.

गौहर मॅडम गावाच्या शिव्या खायच्या तयारीने पायऱ्या उतरल्या होत्या, आणि गाव त्यांच्याकडे त्यांचाच आवाज मागत होतं. त्यांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्या लगेच कामाचं बोलू लागल्या. तिन्ही फेजवर एकेक, असे तीन चार्जर लावायचे. तिन्ही जागे असतील तरच जागल्या बोलेल. जोडणी वायरमनच्या हातून करून घ्यायची.

“झकास,” बिभीषण म्हणाला. “मग कवा?”

“हे बघा,” आबासाहेब मध्ये पडले, “वायरमन पाहिजे म्हणजे वीज कंपनीला शाळेचं पत्र पाहिजे. पत्रावर मुख्याध्यापकाची सही पाहिजे. आणि नवं सामान ठेवायला खोली पाहिजे. हे सगळं नवे सर ठरवतील. संक्रांत झाली की सोमवारी ते हजर होतायत. आदेश माझ्या खिशात आहे. खोलीबद्दल त्यांची वेगळी योजना आहे, असं ऐकतो. तर तुम्ही सोमवारी येऊन त्यांना भेटा.”

गाव नव्या सरांना ओळखत नव्हतं, पण नववी ओळखत होती. पंकजाने मान वर करून मॅडमकडे पाहिलं. तिने काही विचारलं नाही. विचारून मिळणारं उत्तर तिला पाठ होतं.

आबासाहेबांचा हात खिशाकडे गेला.

“तो आदेश परत न्या,” गौहर मॅडम म्हणाल्या. “मुख्याध्यापक मी होणार आहे.”

हे त्या इतक्या हळू म्हणाल्या, की ते आबासाहेब आणि जवळ उभ्या दोन मुलींपलीकडे गेलं नाही. अलिझाचं तोंड उघडं राहिलं. आसाराम सरांना ओठांवरून कळलं, आणि ओटीपीसाठी पुण्याला फोन आता आपल्याला लावायचा नाही म्हणून त्यांनी पटकन आपला मोबाईल काढून छातीशी धरला. मागच्या लोकांनी एकमेकांना विचारायला सुरुवात केली, आणि फाटकाच्या दगडावरून लंकाबाईंचा आवाज आला, “काय म्हनली गं ती?”

गौहर मॅडमनी मान वर केली, मैदानाच्या त्या टोकापर्यंत नजर टाकली आणि छाती भरून श्वास घेतला.

“लंकाबाई,” त्या म्हणाल्या, आणि रस्त्यापलीकडे एसटीची वाट पाहणाऱ्या माणसानेही वळून पाहिलं, “मुख्याध्यापक मी होणार आहे.”